जांभळीचं पहिलं वेत: कधी घ्यायचं, घ्यायचं का? (नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५)

कुत्री: जांभळी, काळी लॅब्रॅडॉर, जन्म ११ फेब्रुवारी २०२३. ठिकाण: सिंहगड रोड, पुणे, सोसायटीत दुसरा मजला. आधीचं वेत नाही. पहिली हीट (माज) डिसेंबर २०२३, दुसरी १४ जुलै २०२४ ला सुरू. पिलं कशी वाढवायची ते इथे नाही. मेटिंग करायचं का, आणि करायचं तर कधी, एवढ्यापुरत्याच या नोंदी आहेत.

१० नोव्हेंबर २०२४

"दोन हीट सोडा, तिसरीत लावा" हा सल्ला जो तो देतो. पण नुसत्या हीट मोजून काही कळत नाही. सहाव्या महिन्यात पहिली हीट आलेल्या कुत्रीची तिसरी हीट दीड वर्षाच्या सुमाराला येते, चौदाव्या महिन्यात आलेलीची सव्वादोन वर्षांनंतर. दोन हीटमधलं अंतर पाच महिन्यांपासून अकरा महिन्यांपर्यंत काहीही असू शकतं. म्हणून वय आणि तपासण्या हाच आधार धरला.

कायद्याची किमान अट २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत आहे: मादी किमान १८ महिन्यांची हवी, मेटिंगच्या निदान दहा दिवस आधी पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला हवा, बारा महिन्यांत एकच वेत, आयुष्यभरात जास्तीत जास्त पाच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विक्रीसाठी प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. अठरा महिने ही फक्त खालची मर्यादा झाली. नितंबांचे सांधे, डोळे आणि स्वभाव यांचा पक्का अंदाज लॅब्रॅडॉरमध्ये दोन वर्षांच्या आसपास येतो. दुसऱ्या टोकाला, पहिलं वेत पाच-सहा वर्षांनंतर घेतलं तर प्रसूती अडण्याचा धोका वाढतो. आपल्यासाठी दोन ते चार वर्षं ही खिडकी ठरवली.

मग महिने मांडले. पुढची हीट साधारण फेब्रुवारीत. तेव्हा मेटिंग केलं तर एप्रिलअखेर प्रसूती, आणि पिलांचे पहिले आठवडे पुण्याच्या मे महिन्यात. स्लॅबखालच्या खोलीत ते नको. त्यानंतरची हीट सप्टेंबरात, म्हणजे पिलं डिसेंबरात. थंडीत पिलांचा खोका गरम ठेवता येतो, मे महिन्यात खोली थंड ठेवणं जास्त अवघड.

कागद: केसीआयची (केनेल क्लब ऑफ इंडिया) नोंदणी आहे, पंधरा आकडी मायक्रोचिप आहे, महापालिकेचा श्वान परवाना नूतनीकरणाला आलाय. पिलं घेणाऱ्यांची यादी आजपासून सुरू. निदान सहा खात्रीची घरं नसतील तर पुढच्या सगळ्या तपासण्यांचा खर्च करण्यात अर्थ नाही.

१७ नोव्हेंबर

वजन ३३.४ किलो. फासळ्या हाताला लागत नाहीत, वरून पाहिलं तर कंबर दिसत नाही. जाडीच्या नऊच्या मोजपट्टीवर सात, म्हणजे जाड. लॅब्रॅडॉर मादीचं वजन साधारण २५ ते ३२ किलो असावं, आणि हिच्या हाडापेराला २९ पुरेत. जाड कुत्रीत गर्भ राहण्याची शक्यता कमी होते, कळा मंदावतात, आणि सिझेरियनची वेळ आली तर भूल देणंही जोखमीचं होतं.

आठवड्याला एक टक्क्यापेक्षा जास्त उतरवायचं नाही. कोरडं खाणं वाटीने मोजणं बंद, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजायचं. एक वाटी कोण कशी भरतो त्यावर वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. पोळीचे तुकडे, संध्याकाळची बिस्किटं सगळं त्याच मापातून वजा. वजन दर पंधरवड्याला, एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी.

१ डिसेंबर

नितंब आणि कोपराचे एक्स-रे. तारीख मुद्दाम दोन हीटच्या मधली घेतली. हीटच्या आधी-नंतर तीन-चार आठवडे संप्रेरकांमुळे सांधे सैल पडतात आणि चांगला सांधाही फिल्मवर वाईट दिसू शकतो. दहा तास उपाशी ठेवून भूल देऊन फिल्म काढली. नुसतं धरून काढलेल्या फिल्मवर विश्वास ठेवू नका. कुत्री जागी असली की स्नायू ताणून सांधा घट्ट धरते.

पहिली फिल्म फुकट गेली. ओटीपोटाचं हाड किंचित कलतं पडलं होतं. ओळखायचं कसं: मागच्या दोन मोठ्या छिद्रांचा आकार फिल्मवर सारखा दिसायला हवा, मांडीची हाडं एकमेकांना समांतर हवीत आणि गुडघ्याच्या वाट्या मधोमध. इथे एक छिद्र दुसऱ्यापेक्षा बारीक दिसत होतं. भूल उतरायच्या आत हे पाहून घेतलं म्हणून लगेच दुसरी काढता आली. घरी येऊन पाहिलं असतं तर पुन्हा भूल, पुन्हा पैसे.

चिपचा नंबर फिल्मवरच छापून घ्या, नंतर पेनाने लिहिलेला चालत नाही. मूळ डायकॉम फाइल (एक्स-रेची पूर्ण डिजिटल फाइल) मागा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून कोणीही श्रेणी देऊ शकत नाही. निकाल: नितंब बी (एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची ए ते ई पट्टी, ए सर्वांत चांगली), दोन्ही कोपरं शून्य, म्हणजे दोष नाही. बी चालतं. सी असतं तर इथेच थांबलो असतो. अमेरिकेच्या ओएफए या सांधे तपासणाऱ्या संस्थेची अंतिम श्रेणी हवी असेल तर चोवीस महिने पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं.

१५ डिसेंबर, निकाल ८ जानेवारी

डीएनए. गालाच्या आतून स्वॅब, तासभर आधी खाणं-चघळणं बंद, स्वॅब सुकवून कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. चार गोष्टी पाहिल्या: पीआरसीडी-पीआरए (हळूहळू अंधत्व), ईआयसी (जोराच्या धावण्यात मागचे पाय गळणं), नाकाच्या कातडीचा एचएनपीके, आणि सीएनएम हा स्नायूंचा विकार.

तीन स्वच्छ, ईआयसी वाहक. म्हणजे हिला स्वतःला त्रास नाही. नर ईआयसी-स्वच्छ असला तर आजारी पिल्लू जन्मत नाही, सरासरीने निम्मी पिलं वाहक निघतात. नरही वाहक असला तर चारात एक आजारी. वाहक आहे म्हणून चांगल्या कुत्रीला बाद करायचं नाही, नराची यादी मात्र आखडली. डीएनएमध्ये डोळ्यांचे सगळे आजार येत नाहीत, त्यामुळे बाहुली मोठी करून डोळ्यांची तपासणी वेगळी केली. ठीक.

१२ जानेवारी २०२५

हा मोसम इथे संपला.

मेटिंगआधीच्या रक्ततपासणीत मशीनवर प्लेटलेट ७८ हजार. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की मशीन आकडा कमी दाखवतं, म्हणून काचपट्टी करून डोळ्यांनी मोजायला लावल्या: सव्वा लाखाच्या आत. गुठळ्या फारशा नव्हत्या, म्हणजे खरोखरच कमी. ताप नाही, खाणं व्यवस्थित, अंगावर दिसेल असा एकही गोचीड नाही. पट्टीवरच्या झटपट चाचणीत एर्लिकिया (गोचीडातून येणारा जंतू) पॉझिटिव्ह. पण ती अँटिबॉडी पाहते, आजार होऊन गेला की आत्ता आहे हे सांगत नाही. जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर केली, तीही पॉझिटिव्ह. बॅबेसिया गिब्सोनी या गोचीडातूनच येणाऱ्या रक्तातल्या परजीवीची पीसीआर निगेटिव्ह आली. ती मुद्दाम वेगळी मागावी लागते, आणि पुण्यात मागायलाच हवी, कारण बॅबेसिया आईकडून पोटातल्या पिलांना जाऊ शकतो.

इथे बरेच जण घसरतात. कुत्री वरून धडधाकट, म्हणून रक्त तपासलंच जात नाही. एर्लिकियाचा असा दबलेला टप्पा महिनोन्महिने टिकतो. गरोदरपण आणि दूध पाजणं या ताणात तो उफाळला तर डॉक्सीसायक्लिन देता येत नाही. पिलांच्या दातांवर-हाडांवर परिणाम होतो. आणि प्लेटलेट कमी असताना प्रसूती किंवा सिझेरियन म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण.

उपचार: डॉक्सीसायक्लिन दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे हिला १५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस, खाण्यासोबत. उपाशीपोटी दिलं की उलटी होते. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्री टवटवीत दिसते आणि गोळ्या मध्येच सुटतात. तसं करायचं नाही.

गोचीड आले कुठून? आपल्याकडचा तपकिरी गोचीड गवतापेक्षा घरात जास्त मुरतो. मादी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे अंडी घालते. बाल्कनीतल्या लोखंडी जाळीच्या वेल्डिंगच्या खाचेत आणि कुत्रीच्या पलंगाच्या लाकडी सांध्यात पिल्लं-गोचीड सापडले. फटी भरून घेतल्या, पलंग टाकून दिला, फवारणी दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. कुत्रीला फ्लुरालेनरची गोळी सुरू. प्रजननातल्या, गाभण आणि दूध पाजणाऱ्या कुत्र्यांना चालतं असं तिच्या माहितीपत्रकात आहे. सगळ्याच गोचीडनाशक गोळ्यांचं तसं नसतं, आपापल्या गोळीचा कागद वाचा.

१६ फेब्रुवारी ते ४ मार्च

हीट. मेटिंग नाही. हा मोसम मोजमापाच्या सरावाला वापरला.

पहिला दिवस म्हणजे रक्ताचा पहिला थेंब. कुत्री चाटून साफ करते म्हणून पांढरी चादर अंथरून रोज सकाळी टिशूने टिपायचं. "अकराव्या-तेराव्या दिवशी लावा" या हिशेबावर जाऊ नका. अंडी सुटण्याचा दिवस कुत्रीगणिक बदलतो, आणि एकाच कुत्रीत मोसमागणिकसुद्धा.

प्रोजेस्टेरॉन (अंडी सुटण्याच्या सुमाराला रक्तात वाढणारं संप्रेरक), नॅनोग्रॅम प्रति मिली: सातव्या दिवशी ०.६, नवव्या दिवशी ०.९, अकराव्या दिवशी २.३, तेराव्या दिवशी ५.६. वाचायचं असं: एकच्या खाली म्हणजे अजून काही नाही, दोन-अडीचच्या आसपास एलएचची (अंडी सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाची) उसळी, पाचच्या आसपास अंडी सुटतात. पण सुटलेली अंडी लगेच फलनाला तयार नसतात, पक्की व्हायला आणखी दोनेक दिवस लागतात. म्हणून मेटिंग पाचचा आकडा आल्यावर दोन ते चार दिवसांनी. सोबत योनीचा स्वॅब काचपट्टीवर घेऊन टोकदार, मेलेल्या पेशींचं प्रमाण पाहिलं. ते नव्वद टक्क्यांपर्यंत गेलं. स्वॅबवरून काळ आलाय एवढं कळतं, नेमका दिवस कळत नाही.

अकराव्या दिवशीचा घोळ सविस्तर लिहितो, कारण तो कोणाचाही होऊ शकतो. त्या दिवशी नेहमीची लॅब बंद होती, नमुना दुसरीकडे गेला. रिपोर्ट आला ७.३. आठवडाभर आकडे १ च्या खाली आणि आज एकदम ७.३, वाटलं, अंडी सुटून गेली. रिपोर्टच्या कोपऱ्यात एकक बारीक अक्षरात होतं: नॅनोमोल प्रति लिटर. ३.१८ ने भागलं की २.३. मेटिंगचा मोसम असता तर घाईघाईत दोन-चार दिवस आधी नराकडे नेली असती.

यातून ठरलेले नियम: एकच लॅब, एकच पद्धत, रिपोर्ट उघडताना आधी एकक. रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत, पिवळ्या झाकणाच्या जेलच्या नळीत नाही. जेल प्रोजेस्टेरॉन शोषून घेतं आणि आकडा खाली येतो. नळी काढल्या-काढल्या बर्फात ठेवू नका. खोलीच्या तापमानाला गोठू द्या, सीरम वेगळं झाल्यावरच थंड करा.

सोसायटीतले आणि रस्त्यावरचे नर या दिवसांत जिन्यात येऊन बसतात. पट्टा कायम, गच्चीवर एकटी नाही, दोन दारांमधलं एक नेहमी बंद. हीटचे कपडे डाग पडू नयेत म्हणून असतात. नराला ते अडवत नाहीत.

२० एप्रिल

खोटं गरोदरपण. गादी उकरणं, खेळणं तोंडात धरून फिरणं, सडांत थोडं दूध. हा आजार नाही आणि पुढच्या मेटिंगला अडथळाही नाही. दूध पिळून काढायचं नाही, पिळलं की आणखी येतं. खाणं थोडं कमी, फिरणं जास्त, खेळणी उचलून ठेवली. हीटनंतरचे चार ते आठ आठवडे गर्भाशयात पू होण्याचे, म्हणजे पायोमेट्राचे असतात. जास्त पाणी पिणं, सुस्ती, योनीतून घाण स्राव यांवर लक्ष ठेवलं. बंद प्रकारात स्राव दिसतच नाही, म्हणून पाण्याचं भांडं मोजून भरत होतो. काही निघालं नाही.

वजन २९.२.

१५ जून

काचपट्टीवर प्लेटलेट २.४ लाख. पीसीआर मार्चमध्ये एकदा आणि आता दुसऱ्यांदा निगेटिव्ह. पट्टीवरची अँटिबॉडी चाचणी अजून पॉझिटिव्हच आहे. ती महिनोन्महिने तशी राहू शकते, त्यासाठी पुन्हा गोळ्या सुरू करायच्या नाहीत.

६ जुलै

वार्षिक लस ऑक्टोबरात येत होती, ती आजच दिली. जिवंत विषाणूंची लस गरोदरपणात देत नाहीत, आणि आईच्या रक्तात प्रतिकारशक्ती असेल तरच ती चिकातून पिलांना मिळते. जंतांचं औषधही आज. गाभण राहिल्यास चाळिसाव्या दिवसापासून फेनबेंडाझोल वेगळं सुरू होईल. डोस डॉक्टर लिहून देतील.

१७ ऑगस्ट: नर

पहिला नर दिसायला देखणा, बक्षिसं मिळवलेला, ईआयसी-स्वच्छ, नितंब ए. ब्रुसेलाची चाचणी मागितल्यावर उत्तर आलं, "आमचा कुत्रा फिट आहे, आजवर कितीतरी ठिकाणी लावलाय." कितीतरी ठिकाणी लावलाय, नेमकी म्हणूनच चाचणी हवी. ब्रुसेला कॅनिस मेटिंगमधून पसरतो, गर्भ पाडतो, माणसालाही होतो, आणि कुत्र्यातून औषधाने पुरता जाईल याची खात्री नसते. तो नर सोडला.

आणखी एक अडचण: जवळच्या लॅबने "ब्रुसेला करतो" म्हणून गुरांची रोझ बेंगाल चाचणी लावली. गुरांच्या ब्रुसेला अबॉर्टसवर बेतलेली ती चाचणी ब्रुसेला कॅनिस पकडत नाही. "निगेटिव्ह" कागद हातात येतो आणि त्याचा उपयोग शून्य. नमुना देण्याआधी "कॅनिसचीच ना?" हे लेखी विचारा. दुसऱ्या नराची आणि जांभळीची, दोघांची योग्य चाचणी झाली, दोन्ही निगेटिव्ह. वंशावळीत आजा-पणजांपर्यंत समान नाव नाही.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. ढोल-ताशांत कुत्री अस्वस्थ होती, पण पंधरा मिनिटांत खाऊ घेऊ लागली. अनोळखी माणसाने सड, कान, पंजे हाताळले तरी गुरगुर नाही. भित्री किंवा चावरी कुत्री बाकी सगळे रिपोर्ट हिरवे असले तरी बाद करावी: भित्रेपणा रक्तातूनही येतो आणि पहिल्या आठ आठवड्यांत पिलं आईला पाहूनही तो शिकतात.

डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला आज घेतला, हीट सुरू व्हायच्या आधीच. हीट लागल्यावर घेतला तर दहा दिवसांची अट हुकू शकते.

१४ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर

हीट सुरू. योनीत पडदा किंवा आकुंचन नाही हे डॉक्टरांनी बोटाने तपासलं. ही तपासणी हीटमध्येच नीट होते.

प्रोजेस्टेरॉन: नवव्या दिवशी ०.५, बाराव्या दिवशी ०.८, चौदाव्या दिवशी १.१, सोळाव्या दिवशी २.४, अठराव्या दिवशी (१ ऑक्टोबर) ५.९. फेब्रुवारीत अंडी तेराव्या दिवशी सुटली होती, आता अठराव्या. मागच्या मोसमाच्या भरवशावर पंधराव्या दिवशी नेली असती तर सगळं वाया. २ ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, लॅब बंद, म्हणून १ तारखेचा नमुना सकाळी आठला दिला आणि रिपोर्ट संध्याकाळी हातात आला. सणासुदीच्या तारखा हीटच्या पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

खर्च: एक्स-रे भुलीसकट साडेसात हजार, डीएनए नऊ हजार, एर्लिकियाच्या तपासण्या-गोळ्या-फवारणी मिळून सुमारे अकरा हजार, प्रोजेस्टेरॉन दोन्ही मोसमांचं मिळून साडेअकरा हजार, ब्रुसेला चार हजार (त्यातले आठशे त्या गुरांच्या चाचणीचे, वाया). सिझेरियनसाठी तीस हजार वेगळे काढून ठेवलेत; ते नसते तर बाकी सगळं जुळूनही होकार दिला नसता. यादीत आज सात घरं आहेत.

निर्णय: होय. वय २ वर्षं ७ महिने, वजन २९.४.

५ ऑक्टोबर

३ आणि ५ तारखेला मेटिंग, नराच्या घरी. दोन्ही वेळा गाठ बसली (नर-मादी काही वेळ एकमेकांत अडकून राहतात ती). हीट संपेपर्यंत दाराचे नियम तसेच, कारण अजूनही दुसऱ्या नराकडून गर्भ राहू शकतो. अंडी सुटल्यापासून ६३ दिवस धरले तर प्रसूती ३ डिसेंबर, एक दिवस मागे-पुढे. सोनोग्राफी २८ ऑक्टोबरला ठरवली आहे. पिलं मोजायचा एक्स-रे २६ नोव्हेंबरला, हाडं स्पष्ट दिसू लागल्यावर. रात्री सिझेरियन करणारे दोन दवाखाने बोलून ठेवलेत, एक कोथरूडला, एक औंधला.